पानिपतला जायच्या पाच वाटा

ही हकीकत सांगायला मी आजवर तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा दुसरंच काहीतरी सांगून उठलो. एकदा बायकोला सांगायची होती, तर तिला मुनिरक्याच्या खोलीतल्या उंदरांच्या गोष्टी सांगितल्या. ती खूप हसली. एकदा मुलाला सांगायची होती, तर त्याला आम्ही किती तास अभ्यास करायचो ते सांगितलं. तो कंटाळून उठून गेला. तिसऱ्यांदा, ज्याला सांगायची होती त्यालाच सांगायला निघालो होतो. त्याचं काय झालं ते पुढे येईलच. आता साठी उलटून गेली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आणि तोंडानं जे निघत नाही ते कागदावर तरी निघतं का ते बघतोय. यात माझं नाव चांगलं राहणार नाही. ते राहू नये म्हणूनच लिहितोय.

मी बार्शीचा. कलेक्टर व्हायला दिल्लीला आलो आणि मुनिरका गावात एका जाटाच्या घराच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली. खाली म्हशी, मध्ये घरमालकीण आणि वर आम्ही परीक्षावाले. सकाळ व्हायची ती पाण्याच्या मोटरींच्या आवाजानं. सगळ्या गल्लीच्या मोटरी एकदम सुरू व्हायच्या, मग म्हशी ओरडायच्या आणि मग घरमालकीणबाई म्हशींवर ओरडायच्या. देश उघडला, बाहेरचा माल येणार, आपला बाहेर जाणार, असं तेव्हा पेपरात रोज असायचं. गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचा पिवळा बूथ नवीन झाला होता आणि त्याच्या काचेच्या दारापुढे आमची रांग लागायची.

जेवणाचं खरं घर मात्र पेंडसे काकांचं. काका केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, आर. के. पुरमला त्यांचं क्वार्टर, आमच्यापासून चालत पंधरा मिनिटं. दर रविवारी दुपारी आम्हा दोघा-तिघांना तिथं जेवायला बोलावणं असायचं. काकूंचा एक नियम होता: महाराष्ट्रातून जो पाहुणा येईल त्यानं ज्वारीचं पीठ आणायचं. पेढे, चिवडा काही नको, पीठ. त्यामुळे काकूंकडे भाकरी मिळायची, आणि दिल्लीत त्या काळी भाकरी मिळणं म्हणजे काय हे तिथं परीक्षा दिलेल्या कुणालाही विचारा. काकांनी द्वारकेच्या एका सोसायटीत फ्लॅट घेतला होता, म्हणजे घेतला होता असं कागदावर होतं. दर महिन्याला ते बांधकाम बघायला जायचे आणि परत येऊन सांगायचे, "नकाशात सेक्टर बारा आहे रे, जमिनीवर मोहरीच आहे." तिथवर जायचं कसं, कुठली बस कुठपर्यंत जाते, पुढे किती चालायचं, यावर भाकरी निवेपर्यंत चर्चा चालायची. त्या मोहरीच्या जागी उभ्या राहिलेल्या अशाच एका इमारतीत मी आज हे लिहितोय. खिडकीतून मेट्रो जाताना दिसते. काकांना ती दाखवायची राहिली.

पीठ आणणाऱ्या पाहुण्यांना लाल किल्ला आणि आग्रा झालं की पानिपत बघायचं असायचं. काकांना रजा नसायची, म्हणून त्यांना घेऊन मी जायचो. तसा आठ-दहा वेळा तरी गेलो असेन. लढाईच्या जागेवर पाहुणे गप्प उभे राहायचे, एक रिटायर्ड हेडमास्तर तर ढसाढसा रडले होते. मग अर्ध्या तासानं सगळे बाजारात शिरून चादरी, ब्लँकेटं आणि पचरंगा लोणचं घ्यायचे. परतीच्या वाटेवर लोणच्याचं तेल ब्लँकेटांवर सांडायचं आणि नवरा-बायकोंची दुसरी लढाई सुरू व्हायची.

या फेऱ्यांमुळे मला पानिपतला जायच्या पाच वाटा तोंडपाठ झाल्या. रिंग रोडवर फिरणारी मुद्रिका बस धरून आंतरराज्य बस अड्डा गाठायचा आणि तिथून रोडवेजची बस, ही पहिली. दर पंधरा मिनिटांनी सुटते, खडखडते, पण पोचवते. दुसरी सकाळची पॅसेंजर. तिसरी लांबच्या गाडीचा जनरल डबा, ज्यात एका पायावर उभं राहायची तयारी हवी. चौथी स्टेशनाबाहेरून सुटणारी व्हिडिओ कोच, ती भरेल तेव्हा सुटायची आणि तोवर एकच पिक्चर दोनदा संपायचा. पाचवी म्हणजे बायपासवरून मिळणारी जीप, तिच्यात ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक माणूस बसलेला असायचा. हे सगळं मी एका निळ्या वहीत लिहून ठेवलं होतं. नुसत्या वेळा नव्हे. कुठली गाडी कुठे रखडते, कुठल्या ऋतूत कशानं जाऊ नये, हेसुद्धा. हळूहळू आजूबाजूची मराठी मंडळी पानिपतच नाही, हरिद्वार, चंदीगड, जयपूर, कुठं जायचं तरी म्हणायची, "दत्ताला विचारा." दोनदा परीक्षेत नापास झालेल्या माणसाला कुणी काही विचारायला येतं, याचं किती बरं वाटतं ते सांगता येत नाही.

सलीम माझ्या खोलीत आला तो पावसाळ्यात. इचलकरंजीचा. वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. हा पोरसवदा असल्यापासून त्यांच्यामागे पाना घेऊन फिरलेला आणि पुढे अर्थशास्त्रात पहिला आलेला. येताना कांदा-लसूण मसाल्याची बरणी घेऊन आला. पहिल्याच संध्याकाळी त्यानं त्या मसाल्याची आमटी केली, तर घरमालकीणबाई वर आल्या. आम्हाला वाटलं, आता बाहेर काढतात. त्या दारातूनच वाटी पुढे करून म्हणाल्या, "के बणाया सै? थोड़ा म्हारे ताहीं भी दे दे." सुरुवातीचे काही दिवस त्याला झोप यायची नाही. म्हणायचा, "इथं लईच शांत आहे गड्या. मागाचा आवाज नाही." वाचताना त्याची बोटं टेबलावर खटक-खटक चालायची. मी वैतागायचो. पण अर्थशास्त्र त्यानंच मला शिकवलं. रुपयाचं अवमूल्यन मला तीन पुस्तकांतून कळलं नव्हतं, ते त्यानं सुताच्या भावावरून अर्ध्या तासात समजावलं. त्या वर्षी मी पास झालो तर सलीममुळे होईन, हे मला पक्कं माहीत होतं. ती माझी शेवटची संधी होती, वय संपत आलं होतं.

संक्रांतीच्या आसपास सलीमच्या घरून पत्र आलं. वडिलांची छाती बिघडली होती, कापसाची धूळ. उन्हाळ्यापर्यंत काही झालं तर ठीक, नाहीतर परत ये आणि मागावर उभा राहा, घर चालायला हवं, असं त्यांनी लिहिलं होतं. सलीमनं पत्राची घडी घातली, परत उघडली, परत घातली. त्याच आठवड्यात त्यानं पेपरात एक जाहिरात पाहिली. पानिपतच्या एका कारखानदाराला परदेशी माल पाठवायला सुरुवात करायची होती आणि त्यासाठी माग समजणारा, इंग्रजीत पत्रं लिहिणारा तरुण हवा होता. सलीमनं अर्ज केला. बूथवरून फोन केला तेव्हा कळलं, सोमवारी सकाळी अकराला मुलाखत; मालक त्याच दिवशी दुपारी दिल्लीला येऊन जर्मनीला उडणार, तेव्हा उशीर चालणार नाही.

रविवारी काकूंकडे भाकरी, वांग्याचं भरीत आणि तिळाच्या वड्या होत्या. काकांनी सलीमसाठी त्यांचा लोकरीचा कोट काढून ठेवला होता. काकू त्याला तो घालून उभं करत होत्या, "वळ बरं. खांद्यात थोडा सैल आहे, पण ऐटबाज दिसतोस हो."

"काकू, लग्नाला निघाल्यासारखं वाटतंय," सलीम म्हणाला.

"मुलाखत लग्नापेक्षा अवघड असते," काका म्हणाले. "लग्नात कुणी प्रश्न विचारत नाही."

"तुम्हाला विचारायला हवे होते," काकू म्हणाल्या.

सगळे हसले. मग सलीम माझ्याकडे वळला. "बोला टाइमटेबल. उद्या कसं जायचं?"

मला आठवतं, मी पाण्याचा घोट घेतला. एक क्षणच. तेवढ्यात मी काय काय पाहिलं! सलीमची रिकामी खाट, त्याच्याशिवाय अर्थशास्त्राचं ते पुस्तक आणि जूनमधली परीक्षा. उत्तर साधं होतं. जानेवारी होता, रोज सकाळी धुकं पडत होतं. धुक्यात बस हळू जाते, पण जाते, पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरून. पॅसेंजर मात्र नरेला स्टेशनच्या पुढे कुठेतरी बाजूला उभी राहते आणि उशिरानं धावणाऱ्या मोठ्या गाड्यांना वाट देत बसते. आधीच्या हिवाळ्यात मी त्या हेडमास्तरांना घेऊन त्याच गाडीत अडकलो होतो. निळ्या वहीत त्याखाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: धुक्यात कधीही नको.

मी म्हणालो, "पॅसेंजरनं जा. बसमध्ये काकांचा कोट चुरगळेल. गाडीत आरामात बसून जाशील, दहाच्या आत पोचशील."

काका म्हणाले, "अरे, पण धुक्याचं काय? गाड्या तर..."

"काका, लेट होतात त्या लांबून येणाऱ्या. ही दिल्लीतूनच सुटते. हिला कसला उशीर?"

हे बोलणं इतकं बरोबर वाटत होतं की काका म्हणाले, "हो, तेही खरंच," आणि त्यांनी मला आणखी एक भाकरी वाढली. गाडी खरंच वेळेवर सुटायची. खोटं फक्त पुढचं होतं. सलीमची ती दिल्लीतली पहिलीच थंडी होती. त्याला कसं कळणार? त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, "तू आहेस म्हणून बरं आहे भावा."

दुसऱ्या दिवशी तो अंधारातच निघाला. खिशात काकूंच्या तिळाच्या वड्या. उजाडल्यावर मी गच्चीवर गेलो, तर समोरच्या घरावरची पाण्याची टाकी दिसत नव्हती. धुकं इतकं दाट होतं की म्हशींचा आवाजसुद्धा लांबून आल्यासारखा वाटत होता. मी खाली येऊन पुस्तक उघडलं. एक पान चार वेळा वाचलं. आठ वाजता वाटलं, अजून धावत स्टेशनात जावं. पण गाडी कधीच सुटली होती, वेळेवर. अकरा वाजले, बारा वाजले. मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. पण सुटका झाल्यासारखं वाटलं होतं, हे लिहायलाच हवं. ते त्यापेक्षा वाईट आहे.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. सलीम आला. काकांच्या कोटाला गुडघ्यापर्यंत चिखल, बाह्यांवर मोहरीची पिवळी फुलं, आणि चेहरा असा की मला आधी काही कळेचना. त्यानं मला मिठीच मारली. "मिळाली! दत्ता, लेका, मिळाली!"

मग तो खाटेवर मांडी घालून सांगू लागला. गाडी दोन तास उभी राहिली. डब्यात रोज जाणारे लोक होते. त्यांनी शालीवर पत्ते मांडले, एकानं मुळे कापले, दुसऱ्यानं मीठ काढलं. त्यातल्या एका मास्तरांनी याचा कोट बघून विचारलं, "बेटा, कहाँ की सवारी?" यानं मुलाखतीचं सांगितलं. मास्तरांनी पत्ते खाली ठेवले. "कोहरे में इस गाड़ी से? किसने बैठाया तुझे इसमें?"

"मी म्हटलं, मेरा दोस्त है, उसको सब गाड़ियों का पता है," सलीम सांगत होता. "तर म्हातारा म्हणतो कसा, 'दोस्त है कि दुश्मन?' सगळा डबा हसला गड्या. मीपण हसलो!"

तो आत्ताही हसत होता. मीही हसलो. मला अजून माझं ते हसणं ऐकू येतं.

मास्तरांनीच त्याला उतरवलं. रुळांवरून मोहरीच्या शेतात, शेतातून कच्च्या रस्त्यावर. तिथे उसानं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली मिळाली, ट्रॉलीनं मोठ्या रस्त्याला सोडलं आणि तिथून बस. कारखान्याच्या फाटकाशी पोचला तेव्हा एक वाजत आला होता. मालकाच्या बॅगा गाडीत चढत होत्या. त्यानं याच्याकडे आपादमस्तक पाहिलं. "ग्यारह बजे बुलाया था, भाई. खेत जोतकर आ रहे हो?" आतल्या शेडमध्ये माग चालू होते. सलीम म्हणाला, दुसरं काहीच सुचेना, कानात तो आवाज आला आणि तोंडातून निघून गेलं: "सेठजी, कोने वाले लूम की शटल ठीक नहीं चल रही. सुनिए. शाम तक धागा तोड़ेगी." मालकानं मिस्त्रीला आत पाठवलं. मिस्त्री बाहेर येऊन नुसती होकारार्थी मान हलवून गेला. मालकानं घड्याळ पाहिलं आणि गाडीचं दार उघडलं. "बैठो. रास्ते में बात करते हैं."

पानिपतपासून विमानतळापर्यंत तीन तास मुलाखत झाली. धुकं विरलं होतं, पण रस्ता तुंबला होता. सूत, रंग, पत्रं, जर्मनी, वडिलांची छाती, सगळं बोलून झालं. तिळाच्या वड्या दोघांनी संपवल्या. "अकराला आठ जण आले होते म्हणे," सलीम म्हणाला. "प्रत्येकाला पाच मिनिटं. वेळेवर गेलो असतो तर मलाही पाचच मिनिटं मिळाली असती. तुझ्या त्या गाडीमुळे झालं सगळं. तुझे उपकार आहेत भावा!"

पुढच्या रविवारी त्यानं हीच गोष्ट काकूंकडे सांगितली. 'दोस्त है कि दुश्मन' आलं तेव्हा काकू डोळे पुसत हसल्या. कोटाच्या खिशातून त्यांनी मोहरीची वाळकी पाकळी काढून ताटाशेजारी ठेवली होती. काकांनी फक्त विचारलं, "किती वेळ उभी होती म्हणालास गाडी?"

"दोन तास, काका."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. चष्मा पुसून पुन्हा नीट बघावं तसं पाहिलं. मग आमटी वाढायला सांगितली. त्यानंतर पेंडसे काकांनी मला कुठल्याही गाडीची वेळ कधी विचारली नाही. द्वारकेला सामान न्यायचं झालं तेव्हा मी दोनदा म्हणालो, ट्रकचं मी बघतो. "नको रे, झालंय त्याचं," म्हणाले, आणि शेजाऱ्याला विचारून ट्रक आणला.

सलीम पानिपतला गेला. वडिलांना त्यानं मागावरून उतरवलं, इकडे आणून उपचार केले. ते पुढे बरीच वर्षं खोकत का होईना, पण नातवंडं खेळवत जगले. जूनच्या परीक्षेत मी अपेक्षेप्रमाणे नापास झालो. बार्शीला परतायची बॅग भरत होतो, तेव्हा तो आला. त्यानं मालकाला सांगितलं होतं, "मेरा एक दोस्त है, उसे सारे रास्ते पता हैं." त्या कारखान्याच्या दिल्लीतल्या ऑफिसात मालाच्या रवानगीचं काम मला मिळालं. ट्रक कुठल्या वाटेनं जाईल, कंटेनर बंदराला कधी लागेल, हे बघण्यात मी सारी नोकरी काढली. ते काम मी चोख केलं. कुणाला चुकीची वाट सांगितली नाही, धुक्यात तर कधीच नाही. माझं घर, मुलाचं शिक्षण, ही खिडकी, सगळं त्या कामावर उभं राहिलं; आणि ते काम उभं होतं सलीमच्या त्या एका समजुतीवर, की त्या सकाळी मी त्याचं भलं केलं. लग्नांत, बारशांत, ऑफिसच्या पार्ट्यांत तो ती गोष्ट सांगायचा, आणि प्रत्येक वेळी शेवटी मला हाताला धरून पुढे ओढायचा: "हाच तो दोस्त!"

निळी वही अजून माझ्या कपाटात आहे. त्या दोन रेघांसकट.

गेल्या जानेवारीत त्याचा फोन आला. त्याची धाकटी मुलगी निलोफर, जी परीक्षा आम्हा दोघांना जमली नाही तिची लेखी पास झाली होती. दिल्लीत मुलाखत होती. "दत्ता, तूच सांग. मुलाखत सकाळी आहे. कशानं पाठवू?"

आता वाटा पाचावर थांबत नाहीत. रुंद रस्ता झालाय, फोनवर गाडी बोलावता येते, वातानुकूलित बस आहेत. मी सगळं सांगितलं. आणि मग म्हणालो, "आदल्या दिवशीच आमच्याकडे पाठव. आणि धुकं असलं तर ट्रेननं नको. काही झालं तरी ट्रेननं नको."

पलीकडे तो हसला. "वा रे वा! मला मात्र धुक्यात ट्रेननंच धाडलंस!"

"हो," मी म्हणालो.

एवढं बोललो. पुढचं वाक्य जिभेवर होतं, शब्द जुळून तयार होते. पण तो म्हणाला, "आणि बरं झालं धाडलंस. थांब, पोरीशी बोल," आणि फोन तिच्या हातात गेला. "काका, किती वाजता निघू?" तिनं विचारलं, आणि मी तिला वेळ सांगितली, बरोबर वेळ.

ती आदल्या दिवशी दुपारीच आली, बसनं. बायकोनं तिला भाकरी खाऊ घातली. पीठ आता द्वारकेच्या बाजारात मिळतं. सकाळी धुक्यातून मी स्वतः तिला मुलाखतीच्या ऑफिसच्या फाटकापर्यंत सोडलं. आत जाताना तिनं वळून हात हलवला, बापासारखाच. बाहेर आली तेव्हा हसत होती. निकाल लागायचा आहे, पण मला वाटतं, होईल तिचं.

सलीम तिला न्यायला आला. खाली गाडीत बसताना त्यानं माझ्या पाठीवर तशीच थाप मारली. मी काच खाली करायची खूण केली. त्यानं काच खाली केली, वाट पाहत राहिला. "नीट जा," मी म्हणालो. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मग मी सोसायटीच्या फाटकाशी उभा राहून, कुणी ऐकायला नसताना, म्हणालो: सलीम, गाडी अडकणार हे मला माहीत होतं. तू पोचू नयेस म्हणूनच मी तुला तिच्यात बसवलं. मला माफ कर.